माळाच्या कडेची जागा

माघ सरत आला होता. आमचा मधला पुतण्या सहकुटुंब दोन दिवसांच्या रजेवर पुण्याहून घरीं आला, आणि रात्रीचीं जेवणें आटोपतांच त्यानें माजघरांत सर्वांसमोर एक रंगीत पत्रक उलगडलें. पत्रकावर हिरवीगार टेकडी, तिच्या अंगावर एक टुमदार बंगला, बंगल्यापुढें चरणारीं हरिणें, आणि खालीं 'निसर्गाच्या कुशींत हक्काचें घर' अशीं मोठालीं अक्षरें. जागा आमच्या कुरकुंभच्याच शिवारांत, गांवापासून थोडी आडबाजूस, टेकडीच्या उतारावर. पांच गुंठ्यांचा तुकडा. पाडव्याच्या मुहूर्तावर विसार द्यावयाचा, असा बेतहि ठरलेला. पैसा कोठून उभा केला, असें आम्हीं विचारलें तेव्हां कळलें कीं, आमच्या थोरल्या बंधूंना निवृत्त होतांना मिळालेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, सूनबाईंचे कांहीं दागिने आणि बँकेचें कर्ज असा तो त्रिवेणी संगम आहे. म्हणजे जागा एकाच्या नांवावर व्हावयाची असली, तरी तींत सबंध घराची पुंजी गुंतणार होती.

"काका, आपण एकदां जागा पाहून घ्या. सातबारा, फेरफार, अकृषिक परवानगी, सगळें वकिलांनीं तपासलें आहे," पुतण्या म्हणाला.

"कागद तपासले, ठीक केलेंत. गवत कोणीं तपासलें?" आम्हीं विचारलें.

तो हंसला. बंधुहि हंसले. शहरांत राहिलेल्या माणसाला वणवा म्हटला कीं हिमालयांतलीं चिराचीं रानें नाहींतर ऑस्ट्रेलिया आठवतो; आपल्या दाराशीं तो येऊं शकेल हें कोणाच्या ध्यानींमनीं नसतें. पुण्याभोंवतालच्या टेकड्या दर फाल्गुन-चैत्रांत कोठें ना कोठें पेटतात, हें तेथील लोक गच्चीवरून पाहतात, छायाचित्रें काढतात, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच टेकडीला टेकून असलेल्या नव्या इमारतींत घर पाहावयास जातात.

शाळेंत असतांना एक गंमत दरवर्षीं घडे. संस्कृतांत 'दव' म्हणजे रान, आणि रानाला लागलेली आगहि. दवाग्नि, दावानल हे त्याच कुळांतले शब्द. मराठींत 'दंव' म्हणजे पहाटेचे थेंब. फरक काय तो एका अनुस्वाराचा. परंतु मुलें हटकून घोटाळा करीत, आणि एखाद्या उत्तरपत्रिकेंत दंवानें अरण्य जळून खाक होई. त्या वेळीं आम्ही लाल शाईची रेघ ओढून मोकळे होत असूं. पुढें शेतीच्या नादानें कळलें कीं, हे दोन शब्द एकमेकांचे वैरी आहेत. गवतावर दंव आहे तोंवर दव पेटत नाहीं. सकाळीं आठ वाजतां काडी लावली तर जें गवत धुमसून विझतें, तेंच गवत दुपारीं दोन वाजतां बंदुकीच्या दारूसारखें भडकतें. गवताची काडी बारीक. कोरड्या वाऱ्यांत तासाभरांत तिच्यांतली ओल निघून जाते. ओंडक्याला वाळावयास महिने लागतात, काडीला एक दुपार पुरे.

कुरकुंभ पुणें-सोलापूर हमरस्त्यावर, पाटसच्या पुढें. दौंडहून बारामतीस जाणारा रस्ता येथेंच हमरस्त्याला छेद देतो. फिरंगाईचें देऊळ ही आमची जुनी ओळख, आणि औद्योगिक वसाहत ही नवी. पाऊस बेताचा. कालव्याचें पाणी पोंचतें तेथें ऊस, आणि न पोंचतें तेथें माळ. या माळाला लोक ओसाड म्हणतात. परंतु तो ओसाड नव्हे, तें गवताचें रान आहे. बारामती तालुक्यांत सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. पांच चौरस किलोमीटरांहून थोडेंसेंच मोठें. तेथें चिंकारा जातीचीं हरिणें राहतात, तीं अशाच माळावर. पत्रकांतलीं हरिणें सर्वस्वीं खोटीं नव्हतीं, एवढें आम्ही कबूल करतों. परंतु पत्रकांतली टेकडी श्रावणांतली होती. तीच टेकडी मार्गशीर्षांत पिवळी पडते आणि माघांत तिच्यावर गुडघाभर वाळलेलें कुसळी गवत उभें असतें. आणखी एक गोष्ट. पाऊस कमी झाला कीं वणवे वाढतात, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या माळापुरता तो उलटा आहे. ज्या वर्षीं पाऊस चांगला, त्या वर्षीं गवत दाट, आणि पुढचा फाल्गुन अधिक धोक्याचा. दुष्काळांत जळावयास कांहीं उरलेलेंच नसतें.

जागा पाहावयास आम्ही मुद्दाम दुपारीं तीन वाजतां गेलों. विकणारे लोक गिऱ्हाइकाला सकाळीं नेतात. हवा गार, पांखरें बोलत असतात. दुपारीं तीन वाजतां माळ आपलें खरें रूप दाखवितो. पश्चिमेचा वारा अंगावर येत होता. पुतण्यानें निवडलेला तुकडा सर्वांत वरचा. "येथून देखावा चांगला दिसतो," असें तो म्हणाला, आणि तें खरेंहि होतें. खालीं सबंध उतार, त्यावर कोणाकोणाचे न बांधलेले तुकडे, आणि सगळ्यांवर अखंड गवत.

आम्हीं खिशांतून काड्यापेटी काढली. सूनबाई घाबरल्या. "भिऊं नका, मास्तरकी आहे," असें म्हणून आम्ही रस्त्याच्या उघड्या मातीवर बसलों. एक काडी पेटवून गूल वर ठेवून धरली. ज्योत सावकाश खालीं उतरूं लागली, आणि मध्येंच विझली. दुसरी काडी पेटवून गूल खालीं केला. ज्योत सपाट्यानें बोटांपर्यंत आली. आगीचें तसेंच आहे. उष्णता वर चढते. उतारावरच्या आगीची ज्योत वरच्या गवतावर झुकते, तें आधींच तापवून सुकवून ठेवते, आणि मग गिळते. वनशास्त्रांतला एक जुना अडाखा असा कीं, चढ दहा अंशांनीं वाढला कीं आगीचा वेग दुप्पट होतो. वीस अंशांच्या चढावर चौपट. सपाट मोकळ्या गवतांत आग ताशीं वीस किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवल्याची ऑस्ट्रेलियांत नोंद आहे. आमच्या वयाचा मनुष्य राहूं द्या, तरणाबांड पोरगाहि इतका वेळ धांवूं शकत नाहीं. म्हणून देखाव्याची जागा ती धोक्याची जागा. ज्या वाटेनें नजर खालीं जाते, त्याच वाटेनें आग वर येते.

पुतण्यानें विचारलें, "पण काका, घर दगडविटांचें, वर काँक्रीटची गच्ची. तें काय जळणार?"

प्रश्न चांगला होता. घर जळतें तें पुष्कळ वेळां आगीच्या लोटानें नव्हे, उडत्या ठिणग्यांनीं जळतें, असें परदेशांत जळालेल्या घरांची पाहणी करणाऱ्यांनीं पुन्हा पुन्हा दाखवून दिलें आहे. जळती काडी, साल, पान वाऱ्यावर उडून आगीच्या कितीतरी पुढें जाऊन पडतें. पडावयाचें कोठें? उघड्या खिडकींतून आंतल्या पडद्यावर, पागोळीखालीं सांचलेल्या पाचोळ्यावर, मागल्या पडवींतल्या सरपणावर, मोटारीवर घातलेल्या कापडी आच्छादनावर. भिंती उभ्या राहतात आणि संसार जळतो. आपल्या बंगल्यांत लांकूड कमी असतें हें आपलें भाग्य खरें. परंतु हल्लीं गच्चीवरची टाकी प्लास्टिकची, नळ प्लास्टिकचे, अंगणांतली जाळी प्लास्टिकची. उष्णतेनें पहिल्यानें टाकी वितळते, म्हणजे ज्या पाण्यावर आपण विसंबलों तेंच आधीं जातें. पंप विजेवर, आणि वणव्याच्या वेळीं वीज बंद करतात किंवा ती आपोआप जाते.

विजेवरून आठवलें. त्या उतारावरून विजेची लाईन गेलेली होती, आणि दोन खांबांमध्यें तारांना चांगलाच झोळ आलेला. वादळी वाऱ्यांत अशा तारा एकमेकींस घासल्या कीं ठिणग्या पडतात. उभा ऊस अशा ठिणग्यांनीं जळाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यांत वाचावयास मिळतात. उसाला लागते ती गवताला लागणार नाहीं, असें थोडेंच आहे! आम्हीं पुतण्याला त्या तारा दाखविल्या. त्याच्या वकिलांच्या कागदांत त्या नव्हत्या.

आतां एक गोष्ट सांगावयाची ती आमच्या फजितीची. ती या घरांत फारशी बोलली जात नाहीं. परंतु पुतण्याला उपदेश केला आणि स्वतःचें लपविलें, असें होऊं नये म्हणून त्या दिवशीं टेकडीवर आम्हीं ती त्याला सांगितली, आणि वाचकांपासूनहि लपवीत नाहीं.

सन २०११ चा मार्च. कालव्याच्या बाजूस आमचें वडिलोपार्जित दोन एकर शेत आहे. त्यांतला ऊस तुटून गेला होता आणि सऱ्यांत पाचट पसरलेलें होतें. दुसऱ्या दिवशीं आम्हांला एका लग्नास परगांवीं जावयाचें होतें. हातासरशीं पाचट जाळून टाकावें म्हणून आम्ही सकाळीं अकराच्या सुमारास शेतावर गेलों. आमचा गडी म्हणाला, "गुर्जी, वारं सुटंल आता. सांजच्याला बघू." आम्ही मास्तर! वर्गांत तीस वर्षें ज्वलन शिकविलेलें. ज्वलनास प्राणवायु लागतो, हें आम्हांला ठाऊक. वारा म्हणजे तोच प्राणवायु ओंजळीनें आणून ओतणारा, हें त्या गड्याला ठाऊक. आम्हीं काडी लावली.

पहिलीं दहा मिनिटें सर्व ठीक होतें. मग वाऱ्यानें कूस बदलली. बांधावरचें गवत आम्हीं कापलेलें नव्हतें. आग त्या गवतावरून सुतळीवरून चालावी तशी पलीकडे गेली. शेजाऱ्यांचा एकरभर ऊस उभा होता. त्यापुढें त्यांची कडब्याची गंज, गंजीला लागून गोठा, आणि गोठ्यापलीकडे खोलींत त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. आमचा गडी कोयता घेऊन धांवला. त्यानें वासराचें दावें तोडलें, आणि शेजाऱ्यांच्या मुलांनीं म्हातारीला खाटेसकट उचलून रस्त्यावर आणलें. आम्ही ओलें पोतें हातांत धरून उभे होतों. काय करावें तें सुचत नव्हतें. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक कडुनिंबाच्या फांद्या घेऊन आले आणि त्यांनीं झोडपून झोडपून आग खोलीच्या अलीकडे थोपविली. ऊस, गंज आणि गोठा गेला.

कारखान्यानें जळीत ऊस उचलला. पण त्याला कपात लागते, आणि शिवाय वजन घटतें. तो तोटा, गंजीची किंमत आणि गोठ्याचें नवें छप्पर आम्हीं भरून दिलें. बंधूंनीं त्या वर्षीं घराच्या डागडुजीसाठीं ठेवलेले पैसे त्यांत गेले; त्यांनीं ते मुकाट्यानें काढून दिले. शेजारी एका शब्दानेंहि बोलले नाहींत. पुढच्या संक्रांतीला त्यांच्याकडून नेहमीप्रमाणें गुळाची ढेप आली, तेव्हां ती घेतांना आम्हांला मान वर करवली नाहीं.

दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा रीतीनें निष्काळजीपणें आग हाताळणें हा गुन्हा आहे. पूर्वीं तें भारतीय दंडविधानाचें कलम २८५ होतें, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें कलम २८७ आहे. शेजाऱ्यांनीं मनांत आणलें असतें तर आम्हांला कचेरीची पायरी चढावी लागली असती. त्यानंतर आम्हीं पाचट जाळलें नाहीं. एका हेक्टरांत आठ ते दहा टन पाचट निघतें. त्याची कुट्टी करून सरींतच कुजविली तर जमिनीला सेंद्रिय खत मिळतें आणि पाण्याची एखाददुसरी पाळीहि वांचते. हें ज्ञान आम्हांला एक एकर ऊस जाळल्यावर झालें. माळ जाळला कीं नवें गवत जोमानें फुटतें, असें मानून काडी लावणारे गुराखीहि आहेत. हिरवा कोंभ काळ्या जमिनीवर उठून दिसतो म्हणून तो अधिक वाटतो, इतकेंच. उघडी पडलेली माती मात्र पहिल्या पावसांत वाहून जाते.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे माझें घर मी सांभाळीन, पण खालच्या तुकड्यांतलें गवत कोण कापणार?"

येथेंच या विषयाची मेख आहे. गिऱ्हाईक आपला तुकडा पाहतो. वणवा सर्व्हे नंबर पाहत नाहीं. अशा ठिकाणीं निम्मे तुकडे मुंबई-पुण्याच्या लोकांनीं किंमत वाढावी म्हणून घेऊन ठेवलेले असतात. ते वर्षानुवर्षें फिरकत नाहींत आणि त्यांचें गवत आपल्या कुंपणाला येऊन टेकतें. जागेच्या वरच्या अंगाला वनखात्याची हद्द होती. वनखातें उन्हाळ्यापूर्वीं ठिकठिकाणीं जाळरेषा काढतें, म्हणजे गवताची एक पट्टी कापून, जाळून मोकळी करून ठेवतें, कीं आग तेथें येऊन थांबावी. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. जागा घेण्यापूर्वीं त्या हद्दीवर जाळरेषा निघते कीं नाहीं, हें वनरक्षकाला विचारावयास पैसे पडत नाहींत. गेल्या दहा वर्षांत या उतारावर आग किती वेळां आली, हें धनगरांच्या पोरांना विचारावें. तीं बोटें मोजून सांगतात. आमच्या पुढ्यांत एकानें तीन बोटें दाखविलीं.

ज्यांना यंत्राचा पुरावा हवा त्यांच्यासाठीं तोहि आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्यानें वणव्यांवर नजर ठेवते, आणि वनकर्मचाऱ्यांना व नांव नोंदविणाऱ्या नागरिकांनाहि मोबाईलवर सूचना पाठविते. अमेरिकेच्या नासा संस्थेचा आगींचा जागतिक नकाशाहि कोणालाहि पाहतां येतो, मागच्या वर्षांच्या टिपणांसह. आमच्या नातीनें तो पांच मिनिटांत उघडून दाखविला. मात्र एक ध्यानांत ठेवावें. त्या उपग्रहाच्या चित्रांतला एक चौकोन बाजूला ३७५ मीटरांचा, म्हणजे सुमारें पस्तीस एकरांचा असतो. त्यांत पांच गुंठ्यांचा तुकडा म्हणजे भाकरीवरचा तीळ. शिवाय उपग्रह वरून जाण्याच्या वेळीं जी आग नव्हती ती त्याला दिसतच नाहीं. नकाशावर ठिपका असेल तर सावध व्हावें. ठिपका नसेल तर धनगराच्या पोराला विचारावें.

आमचा एक जुना विद्यार्थी सिडनीस असतो. तिकडच्या न्यू साउथ वेल्स प्रांतांत घर विकणाराला खरेदीपत्राबरोबर नगररचनेचा एक दाखला जोडावा लागतो, आणि ही जमीन वणव्याच्या टापूंत आहे किंवा नाहीं, हें त्या दाखल्यांत लिहिलेलें असतें. झाडोऱ्यापासून शंभर मीटरांच्या आंत घर बांधावयाचें तर तेथें किती उष्णता येऊं शकेल, याची आधीं मोजणी करतात आणि त्याप्रमाणें खिडक्या, दारें, छप्पर कसलें हवें तें ठरवितात. १२.५, १९, २९, ४० अशा त्या पायऱ्या आहेत. हे आंकडे किलोवॅटांचे. दर चौरस मीटरला एक किलोवॅट म्हणजे आपलें वैशाखांतल्या भर दुपारचें ऊन. त्याच्या चाळीसपट ऊन भिंतीवर पडलें तर खिडकीच्या कांचेचें काय होईल याची कल्पना करावी. एवढी शिस्त तेथें आहे ती फुकट आलेली नाहीं. ७ फेब्रुवारी २००९ या एका दिवसाच्या वणव्यांत व्हिक्टोरिया प्रांतांत १७३ माणसें मेलीं आणि दोन हजारांहून अधिक घरें जळालीं. इतकें करूनहि आग थांबते असें नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहराच्या कडेला सोळा हजारांहून अधिक इमारती गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक श्रीमंतांच्या होत्या. आपला गवताचा वणवा त्या मानानें बुटका व अल्पायुषी. पांचदहा मिनिटांत पुढें निघून जातो. म्हणूनच त्याच्यापुढें थोड्या मेहनतीनेंहि निभाव लागतो.

आपल्या सातबाऱ्यांत असा रकाना नाहीं. पांचशें चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीचे तुकडे पाडून विकणाराला २०१७ पासून महारेराकडे नोंदणी करावी लागते. ती अवश्य पाहावी, त्यांत रस्ते, पाणी यांचीं वचनें असतात. परंतु गवताबद्दल एक अक्षर नसतें. म्हणून रस्ता आपणच पाहावा. आम्ही पाहिला तो रस्ता एकच, धुळीचा, आणि शेवटच्या तुकड्यापाशीं बंद होणारा. अग्निशामक बंबाला तेथें वळावयास जागा नाहीं. दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागें जावें लागेल. पुतण्याच्या घरीं म्हणजे आमच्या वहिनी असणार, आणि त्यांचे गुडघे गेलेले आहेत. त्यांना घेऊन निघावयाचें तर वाट दोन दिशांना हवी.

विम्याचें थोडक्यांत सांगतों. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नांवाचा घराचा एकसारखा विमा द्यावा लागतो. त्यांत साध्या आगीबरोबर झुडुपांची, रानाची व जंगलाची आग स्पष्टपणें अंतर्भूत आहे. घरांतल्या सामानासाठीं इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, मात्र दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतें. रक्कम ठरवावयाची ती घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाची. जमिनीची किंमत त्यांत धरीत नाहींत, कारण जमीन जळत नाहीं. कर्ज देणारी बँक विमा उतरवून घेते खरी, पण तिला काळजी आपल्या कर्जाची. सूनबाईंचे दागिने मोडून उभ्या राहिलेल्या भागाची काळजी घरच्यांनींच घ्यावयाची.

कुरकुंभकरांनीं आणखी एक गोष्ट विसरूं नये. ऑगस्ट २०१९ मध्यें येथील औद्योगिक वसाहतींतल्या एका रासायनिक कारखान्याला रात्रीं मोठी आग लागली, तेव्हां गांवांतले कित्येक लोक घरें उघडीं टाकून बाहेर पडले होते. ती आग गवताची नव्हती. परंतु माळ पेटलेला असतांना वारा कोणत्या कुंपणाकडे जातो, हें ज्या गांवीं कारखाने आहेत तेथें पाहावेंच लागतें. अशा धुरांतून निघतांना वाऱ्याच्या पाठोपाठ धांवूं नये; आडव्या दिशेनें निघावें.

ज्यांची घरें आधींच माळाकडेला आहेत, त्यांनीं काय तीं विकावीं? मुळींच नाहीं. आमचेंहि घर गांवाच्या टोंकाला आहे. आमच्या वहिनींनीं यासाठीं ग्रंथ वाचलेले नाहींत. पण संक्रांत झाली कीं त्या कोयता काढावयास लावतात. घराभोंवतीं पांच-सहा हात तर गवताची काडीहि राहूं द्यावयाची नाहीं, आणि कुंपणापर्यंत गवत वीतभराच्या वर नाहीं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यांत घराभोंवतीं शंभर फूट स्वच्छ ठेवावयास सांगितलें आहे आणि पहिले पांच फूट सर्वांत महत्त्वाचे मानले आहेत; वहिनींचा हिशेब त्याच्याशीं बराच जुळतो, हें ऐकून त्या म्हणाल्या, "तिकडेहि कोणी बाई असेल सांगणारी." सरपण, गोवऱ्या, रद्दी घराला टेकून ठेवावयाची नाहीं. पन्हळींतला पाचोळा फाल्गुनापूर्वीं काढावयाचा. गॅसची टांकी मागल्या उघड्या पडवींत उन्हांत व पाचोळ्यांत उभी ठेवावयाची नाहीं. जमिनीलगत एक सिमेंटचा हौद भरलेला, त्याच्याशेजारीं दोन बादल्या आणि चार गोणपाटें; पंपावर भिस्त नाहीं. कुंपणाला निलगिरी नको, तिच्या पानांत तेल असतें. घायपात, कोरफड लावावी, मात्र खालचीं वाळलेलीं पानें काढीत जावीं. आणि १०१ व ११२ हे आंकडे देवघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत. कारण चष्मा ऐन वेळीं सांपडत नाहीं.

टेकडीवरून उतरतांना पुतण्यानें त्या विकणाऱ्या गृहस्थांना दूरध्वनि केला. सर्व तुकड्यांतलें गवत दरवर्षीं माघअखेर कापून घेण्याची जबाबदारी आणि दुसरा रस्ता, हें करारांत लिहून द्याल काय, असें त्यानें विचारलें. पलीकडून उत्तर आलें, "साहेब, पाडव्यानंतर भाव वाढणार आहेत." सूनबाईंनीं तें ऐकलें. घरीं आल्यावर त्यांनीं पत्रकाची घडी घालून तें बंधूंच्या हातीं दिलें आणि विचारलें, "मामंजी, खालीं रस्त्यालगत एक चार गुंठ्यांचा तुकडा होता. देखावा नाहीं त्याला. त्याची चौकशी करावयाची का?"

बंधु उद्यां सकाळीं ती चौकशी करावयास जाणार आहेत. आम्ही मात्र दुपारीं जाऊं.